नव्या लेबलाखालचे सव्वीस हजार तास

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. मित्रांनो, हे साधे वाक्य उघडपणे बोलताना मला किती हायसे वाटते म्हणून सांगू! कारण शेवटचे चार महिने मी नवी म्हणून जगले. तसे जगण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती, पण मला विचारतो कोण?

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात आरशासारखी चकचकीत तबकडी आहे. ती गरगर फिरते आणि एक नाजूक सुई तिला न शिवता, वरच्या वर सरकत लिहिते आणि वाचते. तिथून मी सुन्यानी गावातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रात आले. गाणी, फुटबॉलच्या बातम्या, सकाळच्या प्रार्थना, कोण वारले आणि अंत्यविधी कोणत्या शनिवारी आहे त्याच्या घोषणा, सगळे माझ्याच पोटात असे. तीन वर्षे मी दिवसरात्र फिरले. तिथला निवेदक माझ्या पेटीवर थाप मारून म्हणायचा, "हिने मला कधी तोंडघशी पाडलं नाही." त्या एका वाक्यावर मी आठवडाभर खूश असायची.

मग केंद्रात नवी यंत्रे आली आणि मला मोडक्या पंख्यांसोबत पोत्यात भरले. कुणीतरी मला विकत घेतले आणि माझी सगळी गाणी पुसून टाकली. माझ्या लेबलावर नवे चकचकीत लेबल चिकटवले आणि नव्याकोऱ्या लॅपटॉपमध्ये मला स्क्रूने आवळून टाकले. वरून प्लास्टिक, वरून सील. मी हादरूनच गेले. माझे तास मोजणारा आकडा मात्र आत तसाच होता. तेवढा पुसायचा राहिला होता.

तो लॅपटॉप कुमासी शहरातल्या अमांक्वामामांनी घेतला, आपल्या भाचीसाठी. भाचीचे नाव पोकुआ, ती प्राथमिक शाळेत शिकवते. मामांनी सगळ्या घरासमोर सील फोडले आणि पहिला हुकूम सोडला, "कीबोर्डवरचं प्लास्टिक कुणी काढायचं नाही! वस्तू नवी दिसली पाहिजे."

पोकुआची आई अचिया कुमासीभर ओळखीची होती. कुणाच्याही अंत्यविधीला ती उभी राहून शोकगीते गायची, आणि कठोरातला कठोर माणूसही रडायचा. एका दुपारी ती खोकत खोकत म्हणाली, "मी गेल्यावर माझ्यासाठी कोण गाणार? आजकालच्या पोरींना शब्द तरी येतात का? घे, माझंच गाणं भरून ठेव." मामांना शेजारी बसवून चाळीस मिनिटे ती गायली. पोकुआचा फोन भरून गेला. तिने ते गाणे माझ्यात आणले आणि फोनमधले पुसून टाकले.

"हा नवा आहे," ती आईला म्हणाली, "इथे काही व्हायचं नाही."

मित्रांनो, तेव्हा मला ओरडून सांगावेसे वाटले, पण मला तोंड कुठे होते?

पंधरा दिवसांनी आई गेली. तिकडच्या रीतीप्रमाणे अंत्यविधीचा शनिवार दीड-दोन महिन्यांनंतरचा ठरला, मंडप आणि खुर्च्या सांगून झाल्या. आईच्या अंत्यविधीत आईचेच गाणे लावायचे, असे पोकुआने सगळ्यांना कळवले. आणि नेमक्या अंत्यविधीच्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी, माझी सुई अडखळली. टक… टक… टक. पडदा काळा झाला.

"पाडलास ना?" मामा कडाडले.

"नाही हो मामा. शपथ!"

"मग नवीकोरी वस्तू आपोआप बिघडते होय? सील मी माझ्या हातांनी फोडलंय!"

शेजारीण म्हणाली, हारमटनच्या कोरड्या, धुळीच्या वाऱ्याने आत धूळ गेली असेल. चुलतभाऊ म्हणाला, वीज जाऊन येते त्याने झाले. चर्चचे पास्टर आले, त्यांनी झाकणावर हात ठेवून प्रार्थना केली. हात जरा जड होता. मग घरातल्या प्रत्येकाने एकदा तरी बटण दाबून पाहिलेच. दर वेळी मी उठायचा प्रयत्न करायची आणि दर वेळी माझी सुई तबकडीवर घासायची. दोन दिवस मामा पोकुआला टाकून बोलत राहिले. ती पोर गुन्हेगारासारखी घरात वावरत होती.

गुरुवारी दोघे मला घेऊन आडूमच्या बाजारातल्या मास्टर दुआ नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. मास्टर केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा उकडलेला गोळा, आणि तळलेली मासळी खात होता. त्याने सावकाश हात धुतले, चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि लॅपटॉपला कान लावला.

"किती वेळा चालू-बंद केलात?"

"सतराएक वेळा," पोकुआ म्हणाली.

"अरे देवा! लंगड्या माणसाला सतरा वेळा जिना चढवलात की."

त्याने मागचे झाकण उघडले, मला बाहेर काढले. वायरीला जोडणारे माझे सोनेरी दात खोडरबराने पुसले. आपली वायर लावून त्याने मला स्वतःच्या यंत्राला जोडले. पुन्हा टक… टक. म्हणजे दोष वायरीचा नव्हता, माझाच होता. मग त्याने माझी तब्येत दाखवणारे पान उघडले आणि तासांच्या आकड्यावर बोट ठेवले.

"काका, हा कधी घेतलात म्हणालात?"

"चार महिने झाले. नवा," मामा छाती काढून म्हणाले.

"मग चार महिन्यांत ही सव्वीस हजार तास कशी फिरली? हे तर तीन वर्षांचं काम आहे." त्याने नखाने माझे लेबल खरवडले. चकचकीत कागद सुटला आणि खालून माझे पिवळे पडलेले, खरे लेबल बाहेर आले.

मामांनी ते पाहिले आणि ते धप्पकन स्टुलावर बसले. "पण सील… सील तर मी फोडलं."

"सील लावायला काय लागतं काका, गोंद."

 मग मामा खाली बघत म्हणाले, "पोकुआ, दोन दिवस मी तुला नाही नाही ते बोललो."

तिचे तिकडे लक्षच नव्हते. तिने मास्टरची बाही धरली. "मास्टर, माझ्या आईचा आवाज हिच्यात आहे. दुसरीकडे कुठेच नाही."

मास्टरने चष्मा काढला. "ही फार टिकायची नाही. एकच गोष्ट मागा. आधी काय काढू?"

माझ्यात अंत्यविधीला वाटायची पुस्तिकाही होती. तिच्यात मामांनी बहिणीवर लिहिलेली अकरा पाने होती. सहा आठवडे ते ती पाने येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत होते, आणि छापखाना वाट बघत होता. मामांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले. "आवाज काढ. माझी अकरा पानं गेली तर गावाची सुटका होईल."

मित्रांनो, मी सगळा जीव एकवटला. सुई थरथरत तिथे पोचली. चाळीसातले एक मिनिट निघाले. मग पोटात काहीतरी करकरले आणि मी कायमची थांबले.

शनिवारी शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांनी मंडप भरून गेला. मी पोकुआच्या पर्समध्ये होते. मोठ्या स्पीकरमधून आईचा आवाज आला, "अमांक्वा, तो पंखा बंद कर. आणि डोळे पूस आधी, मी अजून मेले नाही!" मंडप दचकला, मग हसला, आणि हसता हसता मामांना हुंदका फुटला. आईने खाकरून गाणे सुरू केले, "जाणाऱ्या, पाणी घेऊन जा, वाट…" आणि आवाज तुटला.

 स्पीकरची नुसती घरघर ऐकू येत होती. तेवढ्यात पोकुआ उभी राहिली. आयुष्यात कधी चारचौघांत न गायलेली पोकुआ! तिने पुढची ओळ धरली, "वाट लांब आहे, पाणी घेऊन जा." आवाज कापत होता, शब्द मात्र एकही चुकला नाही. तिसऱ्या ओळीला बायका तिच्याबरोबर गाऊ लागल्या.

आता मी पोकुआच्या कपाटात असते, माझ्या खऱ्या लेबलासह. मित्रांनो, जुन्याला जुनेच म्हणा, म्हणजे त्याला पेलेल तेवढेच ओझे त्याच्यावर पडेल. आणि जे पुन्हा मिळणार नाही ते एकाच ठिकाणी ठेवू नका, ती जागा कितीही नवी दिसली तरी. आईच्या गाण्याची एकोणचाळीस मिनिटे अजून माझ्या पोटात आहेत. मला ती कुणालाच ऐकवता येत नाहीत.