नवसाबाईची थंड चूल

नवसाबाईशी भांडायची हिंमत अख्ख्या गावात एकाच माणसात होती, आणि तो म्हणजे तिचा सख्खा दीर कारभारी. दोघांची दारं समोरासमोर, मध्ये एक बोळ. बोळाच्या टोकाला फणस. फणस कोणाच्या हद्दीत, यावरून दोन्ही घरांत अबोला धरलेला होता. पुढे इगतपुरीकडच्या त्या खोऱ्यात धरण ठरलं आणि हद्दीसकट, फणसासकट गाव पाण्याखाली जायचं नक्की झालं. अबोला मात्र दोघांनी नव्या गावापर्यंत न्यायचा ठरवलेला दिसत होता.

सरकारने तेव्हा नुकताच कायदा केला होता. धरणात ज्यांचं घर जाईल, त्या प्रत्येक कुटुंबाला नव्या गावठाणात घरासाठी जागा मिळणार होती. गावात सगळ्यांना जागा लागली. नवसाबाईला लागली नाही. सरकारच्या लेखी ती कारभाऱ्याच्या घरातली होती.

"त्याच्या घरात? मी?" नवसाबाई चावडीवर कडाडली. "त्यापेक्षा मी धरणात उडी घेईन!"

पण ओरडून जागा मिळत नसते. जागा नाही तर दिराच्या वळचणीला जन्मभर राहायचं, किंवा माहेरी हरसूलला भावजयीच्या दारात. नवऱ्यामागे दोन्ही टोचणारं. शेवटी कोणीतरी तिला नाशकातल्या लतिका वकीलबाईंचा पत्ता दिला, आणि पदराने डोळे पुसत, रागाने धुमसत ती एस.टी.त बसली.

वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी आधी चहा मागवला आणि मग विचारलं, "मोजणीवाले घरी आले, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"कशी बोलू बाई? मालक जाऊन तिसराच दिवस. मी कोपऱ्यात तोंड झाकून बसलेली. साहेब घरोघर चुली बघत फिरत होता. जितक्या चुली तितकी कुटुंबं. माझ्या चुलीत गार राख. जेवण कुठनं येतं म्हणाला, तर बोळातली पोरं म्हणाली, समोरनं. झालं! त्याने मला समोरच्यांत घातलं."

"राख गार का होती?"

नवसाबाईला या शिकलेल्या बाईची कीव आली. "मयताच्या घरात चूल पेटत नाय दहाव्यापातुर. भाऊबंद ताट आणत्यात. माझी जाऊ शकुबाई आणायची. अबोला होता, तरी दोन्ही वेळ आणायची." हे सांगताना तिचा आवाज उगाच खाली आला.

वकीलबाईंनी कप खाली ठेवला. "म्हणजे त्या दिवसांत शकुबाईंची चूल पेटत होती?"

"पेटणारच की. मयत माझ्या घरातनं निघालं, तिच्या नाय."

"मग झालंच तर! एकच घर असतं, तर दोन्ही चुली बंद असत्या. नवसाबाई, हे तुमच्या दिरांनी अधिकाऱ्यांसमोर सांगायला हवं."

नवसाबाई उठायलाच लागली. कारभारी कशाला सांगेल? तिला धरून त्याचं खटलं मोठं दिसत होतं, आणि मोठ्या कुटुंबाला मोठी जागा मिळायची होती. वकीलबाईंनी त्याला निरोप धाडला, त्यात तोटाही लपवला नाही. त्याचं उत्तर काही आलं नाही.

सुनावणीच्या दिवशी नवसाबाई कचेरीच्या व्हरांड्यात सकाळपासून बसली होती. नाव पुकारलं, तरी कारभाऱ्याचा पत्ता नाही. ती उठली, आणि तेवढ्यात फेटा सावरत, घामाघूम कारभारी दारात उभा. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"ही बाई तुमच्याच घरात राहते ना?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, हिच्याशी मी किती दिवस बोललो नाय ते गावाला विचारा. एका चुलीवर असतो, तर उपाशी मेलो असतो."

कारकून हसला. कारभारी हसला नाही.

"माझ्या भावाला आम्ही हिच्या दारातनं उचलला. म्हणून हिची चूल बंद होती अन् माझी चालू. बायको माझी बोळ ओलांडून ताट न्यायची. एक घर असतं, तर बोळ कशाला ओलांडला असता?"

"तुमची जागा कमी होईल, माहीत आहे ना?"

"माहीत हाय." त्याने फेट्याचं टोक डोळ्यांना लावलं. "भाऊ तर गेला, साहेब. त्याचं घर तरी माझ्या घरात बुडवू नका."

एवढ्या दिवसांचा नवसाबाईचा सगळा राग कुठे गेला, तिचा तिलाच कळेना. साहेब सरळ माणूस होते. मोजणीवाल्यांची चूक झाली, असं त्यांनी तोंडाने म्हटलं आणि तिची जागा वेगळी लावून दिली.

बाहेर येऊन ती वकीलबाईंच्या पाया पडायला वाकली. "अहो, तुमचा हक्कच होता तो," वकीलबाई तिला उठवत म्हणाल्या.

"असंल बाई. पण मला कुठं ठाव होता? तुम्ही विचारलंत म्हणून मिळाला."

नवं गावठाण माळावर होतं. नुसता खडक, झाड औषधालाही नाही. पण नवसाबाईने जागा मागून घेतली ती कारभाऱ्याच्या समोरची, मध्ये तसाच बोळ. कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, वर पत्रे आले. जुन्या गावातून, पाणी चढायच्या आधी आणलेली माती कालवून तिने स्वतःच्या हाताने चूल घातली. सारवली, हळदकुंकू वाहिलं, आणि पेटवायच्या आधी बोळ ओलांडून समोरच्या दारात गेली.

शकुबाई पीठ मळायला बसली होती. कारभारी उंबऱ्याशी पान लावत होता. त्याने मान फिरवली.

"शकू, परात ठेव खाली," नवसाबाई म्हणाली. "आज तुम्हाला माझ्याकडं चूलबंद आवतण. घरात कोणी काय रांधायचं नाय."

मग ती दिराकडे वळली. आवाज नेहमीचाच खणखणीत लागला.

"भावजी, तुमचं ताट पहिलं वाढते. तुमच्या भावाच्या घरात जेवायला चला."

कारभाऱ्याने पान तसंच खाली ठेवलं आणि हात धुवायला उठला.