चारीची वर्गणी

सरकारने ऋण काढून सण करायचं ठरवलं, तेव्हा रोहिदास गुरुजी नुकतेच निवृत्त झाले होते. शहाण्णव साल असावं. पाटबंधाऱ्याच्या कामांसाठी महामंडळाचे रोखे निघाले, व्याज बँकेपेक्षा बरंच जास्त. गुरुजींनी फंडाचे दोन लाख त्यात घातले.

व्याजाचा मोह नव्हता असं नाही, पण खरं कारण वेगळं होतं. आमच्याकडे मंडपाला वर्गणी दिली की मंडप उभा राहतो. गुरुजींनी तसंच धरलं. आपले पैसे गेले, आता न्हावऱ्याच्या बाजूची कालव्याची चारी आपल्या शिवारात येणारच. जन्मभर पोरांना गणित शिकवलेल्या माणसाने असं समजावं, याची मला चीड आली होती. सरकार म्हणजे काय मंडपाची कमिटी?

धाकट्या भावाला, मल्हारीला, त्यांनी छातीठोकपणे सांगितलं, "लाव लिंबुणी. चारीत माझं पैसं हायेत."

मल्हारीने दोघांचं सामाईक बाजरीचं रान मोडून दोन एकर लिंबोणी लावली. दादाचा शब्द म्हटल्यावर त्याने पुढे काही विचारलं नाही.

चारी आली, पण ओढ्याच्या पलीकडेच थांबली. ठेकेदाराचं बिल निघेना, तो मशिनी घेऊन निघून गेला. गुरुजींचं व्याज मात्र दर सहा महिन्यांनी न चुकता येत राहिलं. सलग दोन वर्षं पाऊस रुसला तेव्हा मल्हारीच्या विहिरीने तळ गाठला आणि झाडांची पानं वळायला लागली. पाणी आलं नाही तर बाग जाणार, हे कुणी सांगायला नको होतं.

गुरुजी शिरूरला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात गेले. साहेब माणूस बरा होता, त्याने चहा पाजला.

"गुरुजी, वरून निधी आला की आधी रोख्यांचं व्याज भागवतात. ते थकलं तर उद्या कर्ज कोण देणार? त्या व्याजासाठी पुन्हा कर्ज काढतात. त्यातून उरलं तर काम. उरत नाही."

"मग माझं व्याज ठेवून घ्या आन् तेवढा ओढा पार करा."

"तसे पैसे जमा करायचं हेड नाही आमच्याकडे. सरकारला पैसे देता येतील तुम्हाला, पण ते मुंबईत जमा होतील. आमच्या ओढ्यावर नाही येणार."

परत आल्यावर गुरुजी तडक बागेत गेले, साहेबाचं म्हणणं सांगितलं. "मल्हारी, माझ्या व्याजाचं टँकर घालू."

मल्हारी आळ्यातली सुकी माती हाताने फोडत बसला होता. "टँकरनं किती दिस जगंल, दादा? तुमचं व्याज बंद झालं तर म्हणं आमाला पाणी यील. पर तुमची आन् वैनीची चूल त्याच्यावर हाय. मंग देवाला म्या काय मागू, तुमीच सांगा."

 

पुढचं व्याज ठरल्या तारखेला आलं. त्याच आठवड्यात मल्हारीने बाग तोडली. लाकडाचे दोन सारखे ढीग केले आणि त्यातला एक बैलगाडीत घालून थोरल्या भावाच्या दारात आणला. वाटणी म्हणजे वाटणी.

गुरुजी पुढे झाले आणि फांद्या उतरवायला लागले.

"दादा, सांभाळून," मल्हारी म्हणाला. "काटं लई हायेत."