बाईंची गूळतुला

वीरभद्रनं उमादेवीबाईंना पलंगावरून उचललं, तर हातांना भार असा जाणवलाच नाही. बेंबळीतल्या स्वतःच्या आडतीवर त्याचा उभा जन्म पोती उचलण्यात गेलेला. हात लागला की मालाचा अंदाज यायचाच. उद्याच्या तुलेला बाई खुर्चीत नीट बसतील का, एवढंच बघायला तो आला होता. त्यानं त्यांना अलगद खुर्चीत ठेवलं आणि उगाचच उशी सारखी करत राहिला.

“जड झाले का रे, तम्मा?”

बाई मूळच्या उमरग्याकडच्या, घरात कानडी. गावातल्या प्रत्येक पोराला त्या तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत, मग ते पोरगं साठीचं का असेना.

“लई जड, बाई,” वीरभद्र म्हणाला आणि बाहेर ओट्यावर येऊन बसला.

बाई शंभरीला टेकल्या, त्यांची गूळतुला करू, ही टूम त्याचीच. एका पारड्यात बाई, दुसऱ्यात त्यांच्या भाराइतका गूळ, आणि तो गूळ सगळ्या गावाला वाटायचा. बाईंच्या हाताखालून कुणीच गेलं नाही, असं घर गावात शोधून सापडलं नसतं. पोरी शाळेत येत नव्हत्या त्या काळात बाई थेट शेतात जायच्या, आयांच्या पातीला बसून खुरपायच्या आणि म्हणायच्या, तुझं काम मी करते, पोरीला सोड. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. नोकरी संपल्यावर माहेरी जातील असं लोकांना वाटलं होतं, तर बाईंनी ओट्यावरच पुन्हा पोरं जमवली. आणि अशा बाईंच्या समोर अर्ध्या पोत्याइतकासुद्धा गूळ चढू नये? सगळ्या गावादेखत? लोक हळहळणार, ‘काय उरलंय हो बाईंचं’ म्हणणार. नुसत्या विचारानंच त्याचे डोळे भरून आले.

सकाळी मांडवात कुणी नसताना त्यानं खुर्चीवरच्या गादीखाली लोखंडी वजनं सरकवली. तागडीत पाप करायची त्याची ही पहिलीच वेळ. कान तापले, पण हात मागं घेतला नाही.

तेवढ्यात बिबीजान आली. बाईंच्या शेजारची, बाईंनी शेतातून ओढून शाळेत बसवलेली, आणि आता बाईंचं न्हाणंधुणं तिच्याकडंच होतं.

“पाठीला लोड म्याच ठेवते,” ती म्हणाली. “तुमी हात लावू नका, शेठ.”

मग सरपंच वैजनाथनं बाईंच्या पायांखाली घ्यायला मखमलीत गुंडाळलेला पाट आणला. एवढासा पाट दोघांनी धरून आणावा लागला, पण वीरभद्रचं सगळं लक्ष गादीकडं होतं.

मांडव भरला. बाईंना हिरवं लुगडं नेसवून, कपाळाला विभूती लावून पारड्यातल्या खुर्चीत बसवलं. वीरभद्र समोरच्या पारड्यात गुळाच्या भेल्या रचू लागला. लोक टाळ्या वाजवत होते. भेल्या चढत गेल्या, अर्धं पोतं झालं, पोतं झालं. बाईंचं पारडं जमिनीवरून हलेना.

“अजून टाका की!” कुणीतरी ओरडलं.

गूळ संपला. दुकानातून आणखी आणला, तोही संपला. वीरभद्र घामानं निथळत होता. दोनच तर वजनं ठेवली होती! त्यानं बिबीजानकडं पाहिलं, ती पदराशी चाळा करत होती. वैजनाथ मांडवाचं छत न्याहाळत होता. पोरं खिदळायला लागली.

बाईंनी गादीखाली हात घातला. मग पाठीमागचा लोड चाचपला. पायानं पाट ढकलून पाहिला, तो हलला नाही.

“कुणी कुणी काय ठेवलंय?” बाईंचा आवाज बारीक, पण मांडव चिडीचूप झाला. “हात वर करा.”

हात वर करणाऱ्याला छडी नाही, हा त्यांच्या वर्गाचा कायदा. वीरभद्रचा हात आपसूक वर गेला. पाठोपाठ बिबीजानचा.

“लोडात वरवंटा घातलाय, बाई,” ती पुटपुटली.

वैजनाथनं घसा खाकरला. “त्यो पाट न्हाय, बाई. फरशी हाय.”

मांडव खो खो हसत सुटला. बाई हसल्या नाहीत.

“का रे?”

वीरभद्र खुर्चीजवळ गेला. “काल तुमाला उचललं, बाई,” तो कसंबसं म्हणाला, “आन् रातभर डोळ्याला डोळा लागला न्हाय. लोकांनी तसं बघू नये, एवढंच.” आणि एवढा मोठा आडत्या, सगळ्यांसमोर रडायला लागला.

बाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

“काढा सगळं,” त्या म्हणाल्या. “मी आहे तेवढीच तोला.”

वजनं निघाली, वरवंटा निघाला, फरशी निघाली. वीरभद्र एकेक भेली उतरवत गेला. उतरवता उतरवता वर गेलेलं बाईंचं पारडं हळूच खाली आलं आणि दोन्ही पारडी बरोबरीला थांबली. समोर उरलेला गूळ एका पाटीत मावला असता. त्याला मान वर करवेना.

कुणीच हळहळलं नाही. बाई मात्र पुढं वाकून गुळाकडं बघत होत्या, मग माणसांनी भरलेल्या मांडवाकडं, पुन्हा गुळाकडं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“तम्मा, एवढ्यात सगळ्यांचं भागंल का रे?”

“भागंल, बाई,” वीरभद्र म्हणाला. त्यानं भेली फोडली आणि नखाएवढा खडा मोडून पुढं आलेल्या पहिल्या तळहातावर ठेवला.