चुन्याची निवळी

आमच्या जावईबापूंची एक खोड मला आजवर पचलेली नाही. बाटलीवर पान-फूल छापलेलं दिसलं की हा माणूस अक्कल गहाण टाकतो. "झाडपाला आहे, आई. गुण नाही आला तरी अपाय होत नाही," हे ठरलेलं वाक्य. धोतराही झाडच आहे, म्हटलं, दोन बिया चावून दाखवा. तेव्हा मात्र नुकतंच जेवण झालंय म्हणाले.

माझ्या लेकीला सातव्या महिन्यात कावीळ झाली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, लगेच दाखल करा, दोन जिवांचा प्रश्न आहे. जावईबापू तिला घेऊन निघाले दवाखान्याला आणि पोचले कुठे, तर कावीळ उतरवणाऱ्या महाराजांकडे. मी घरी भिंतींना चुना देत होते. शेजारीण सांगत आली, तशी कुंचला टाकून निघाले.

महाराजांचा दरबार म्हणजे टायरच्या दुकानामागची शेड. आत मुंगीला शिरायला जागा नाही. मधोमध परातीत नितळ पाणी, दर रोग्याला ताजं ओतलेलं. महाराज रोग्याच्या हातांना तपकिरी रस चोळायचे, मंत्र पुटपुटायचे आणि हात पाण्यात बुडवायला सांगायचे. पाणी पिवळंधमक. "उतरली, उतरली," म्हणत लोक हात जोडायचे.

"एकशे आठ वनस्पतींचा अर्क," महाराज सांगत होते. "शिखरावरची मुळी, पाताळातली वेल. रस आत शिरतो, काविळीचं मानगूट धरतो, म्हणतो, चल बाहेर."

पाताळात वेल तोडायला कोण गेलं होतं, हे कुणी विचारलं नाही.

लेकीच्या हातांना रस चोळून झाला होता. मी गर्दीतून वाट काढली, तिचं मनगट धरलं आणि ओढलं. "ऊठ, चल."

"आई, थांबा हो, मंत्र राहिलाय," जावईबापू आडवे आले.

"आई, हे काय?" लेक म्हणाली.

तिच्या मनगटावर माझी पाचही बोटं उमटली होती. पिवळीधमक.

मंत्र नाही, परात नाही, आणि कावीळ माझ्या बोटांना धरून उतरायला लागली होती. एक बाई तर माझ्या पायाच पडली. म्हणे, माझ्या नवऱ्यालाही हात लावा. महाराज काही कच्चे नव्हते. "आजींच्या हातात सिद्धी आहे," म्हणाले.

"सिद्धी नाही, चुना आहे. सकाळपासून भिंत रंगवतेय." मी परातीशी वाकून वास घेतला. माझ्या बादलीचाच वास. चुन्याची निवळी. "जावईबापू, तुम्हाला काही होतंय?"

"छे, मी ठणठणीत आहे."

"मग आणा हात." रस चोळला, हात बुडवला. पिवळं.

"बघा, यांनाही कावीळ," महाराज म्हणाले.

"अरे देवा. मग आता तुमचा हात."

महाराजांना एकदम लघवीला लागली. दोघा-चौघांनी त्यांना प्रेमानं धरून बसवलं, परातीत ताजं पाणी ओतलं आणि त्यांचे हात बुडवले. दिवसभर रस चोळणारे हात ते. सगळ्यांत दाट पिवळं पाणी त्यांचंच निघालं.

दवाखान्यात लेकीला सलाईन लागलं. बाळाचे ठोके नीट होते, पण आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. परातीचं ऐकून त्या हसल्या. म्हणाल्या, असे महाराज आंब्याच्या खोडाची साल वापरतात; तिच्यात तुरट रस असतो, त्याला चुना मिळाला की तो पिवळा होतो, हात कुणाचाही असो. कावीळ रक्तात असते, ती तळहातातून गळत नाही. झाडपाल्यातून कितीतरी खरी औषधं निघतात. पण कुठला रस, किती आणि कशावर, हे आधी तपासावं लागतं. चुकीचा पाला उलट लिव्हर बिघडवतो.

जावईबापू बाहेर बाकावर पिवळे हात मांडीवर ठेवून बसले होते. "पण आई, मी डोळ्यांनी पाहिलं होतं."

"पाहिलंत, विचारलं नाहीत," मी म्हणाले. "रोग्याच्या हाताचं पाणी पिवळं झालं, तर धडधाकट माणसाच्या हाताचं काय होतं, एवढं विचारायला शाळा लागत नाही. मी कुठे शिकलेय? आणि चुना भिंतीला लावतात, जावईबापू. तुम्ही माणूस आहात. भिंतीसारखे उभे राहू नका."