अनुराधाची पाठ

सतरा वर्षांची अनुराधा नागपूरला मावशीकडे राहून बॅले शिकली आणि १९८४च्या दिवाळीत सौंसरला परतली, ती सरळ होऊन. खांदे खाली, पोट आत, मान अशी, की जणू डोक्याला दोरी बांधून कोणी वर ओढतं आहे. नाच शिकवणाऱ्या पारशी बाईंनी बजावलं होतं, "मे महिन्यात मुंबईसाठी मुली निवडणार. तोवर पाठ सांभाळ, बाकी मी शिकवीन."

म्हणून ती रोज सकाळी खिडकीचा गज धरून पाठ सांभाळी. वडील मधुकरराव हेडमास्तर. प्रार्थनेला सगळी शाळा अशीच उभी राहावी, असं त्यांना वाटे.

मग थोरल्या विजयाला पाहायला रामाकोन्याचे लोक आले. अनुराधा सगळ्यांच्या पाया पडली. म्हणजे गुडघे दुमडून सरळ खाली गेली आणि तशीच सरळ वर आली. पाठ जागची हलली नाही. मुलाच्या आजोबांनी, बापूजींनी, कप खाली ठेवला.

"गुरुजी, लहानीच्या कमरेत दुखणं आहे काय?"

"नाही जी."

"मंग वाकत काहून नाही? घराण्यात असंल तं आत्ताच सांगून द्या, बापा."

त्या दिवसापासून घराण्याची तब्येत सिद्ध करण्याचं काम अनुराधाच्या पाठीवर आलं. गजाचा सराव बंद झाला, कारण खिडकी रस्त्याकडे होती.

"विजयाचं लगन होऊ दे," मधुकरराव म्हणाले, "मंग राहजो उभी खांबासारखी."

साखरपुड्याला ती वाकली, संक्रांतीला वाकली, दारात आलेल्या प्रत्येकापुढे वाकली. आई, सुमनबाई, मागून पाठीवर हात दाबी. "अजून. दिसलं पाह्यजे." एप्रिलमध्ये लग्न लागलं. बापूजींनी खात्रीसाठी तिच्याकडून तीनदा नमस्कार करवून घेतला आणि विचारलं, "बरी झाली वाट्टे. औषध कोनाचं?"

मे महिन्यात नागपूरच्या बाईंनी तिच्या मणक्यावरून बोट फिरवलं. बोट मध्येच थांबलं.

"सरळ उभी राहा."

"उभीच आहे, बाई."

बाईंनी पुढच्या मुलीला बोलावलं.

परतीच्या बसमध्ये मधुकरराव खरोखरच हळवे झाले होते. "मनाला लावून नको घेऊ. बोरगावच्या लोकांनी तुले लग्नात पाह्यलं. पोरगी वळणाची आहे म्हणे. रविवारी तुले पाह्याले येऊन राहिले."

"किती जण?"

"सात."

पोरगी चौकशी करते म्हणजे मानली, असं समजून त्यांनी शेंगदाण्यांची पुडी तिच्यापुढे धरली.