देवीच्या सहा इंग्रजी पदव्या

काशीत ब्रह्मा घाटाच्या पायऱ्यांवर सकाळी सातलाच रांग लागे. शिवरामबुवा डोक्यावर हात ठेवत, डोळे फिरवत आणि भक्ताची श्रद्धा कोणत्या प्रतीची ते इंग्रजीत सांगत.

"मी पाठशाळेतला, मला एबीसीडी येत नाही. बोलते ती देवी. आता अमेरिकेतही भक्त आहेत ना तिचे."

कुणी भाविक म्हटलं तर आम्ही नुसती मान हलवतो. 'डिव्हाउट' म्हटलं की छातीवर पदक लागतं.

माझी धाकटी जाऊ पद्मा सोमवारी 'स्टेडफास्ट' निघाली. म्हणजे अढळ. बुवा वर म्हणाले, "अढळ श्रद्धेला सुई कशाला?" तेव्हापासून दोन दिवस तिने इन्सुलिन टोचलं नव्हतं. तोंड सुकलेलं, पाय ओढत चाललेली.

"वहिनी, आशीर्वाद पण कधी झूठ असतो का?"

मी सातवीत शाळा सोडली. इंग्रजी शिकले भाच्याने टाकलेल्या स्पर्धा परीक्षेच्या गाइडमधून, पोळ्या लाटता लाटता. बुधवारी पद्माला घेऊन रांगेशेजारी बसले. बुवा एकेकाला सांगत गेले: आर्डंट, डिव्हाउट, फर्व्हंट, पायस, स्टेडफास्ट, झेलस. सातव्याला पुन्हा आर्डंट. गाइडचं हे पान ओळखीचं होतं. माझ्या हळदीचा डाग आहे त्यावर.

ही फेरीही झेलसवर संपली, तेव्हा पुढच्या सहा जणांच्या मुठीत मी एकेक चिठ्ठी दिली. सहावा बुवांचा माइक लावायला आलेला माइकवाला, त्याला मीच रांगेत ढकललं. बुवांचे सहा शब्द झाले.

"आता चिठ्ठ्या वाचा," मी म्हटलं.

देवनागरीत तेच सहा शब्द, त्याच क्रमाने. माइकवाला म्हणाला, "हम तो तार जोड़ने आए थे, चाची. झेलस माने?"

"कट्टर भक्त."

रांग हसली. बुवा म्हणाले, "ही पण देवीचीच लीला."

"मग देवीने हेच गाइड विकत घेतलं असणार," मी म्हटलं आणि पान उघडून रांगेत फिरवलं. श्रद्धेची सहा विशेषणं, एबीसीडीच्या क्रमाने छापलेली. बुवा पाठ करून आले होते, रांग मोजत होते, बस.

पद्मा हसली नाही. मी हळूच विचारलं, "सोमवारी तू कितवी होतीस?"

"पाचवी." तिने पाचव्याच्या हातातली चिठ्ठी पाहिली. त्यावर 'स्टेडफास्ट' होतं. मग म्हणाली, "सुई फ्रिजमध्येच आहे ना, वहिनी?"

श्रद्धा ज्याची त्याने ठेवावी. पण कुणी औषध सोडायला सांगितलं, तर आधी त्याचं पुस्तक मागून बघावं.