डॅशबोर्ड पुसणारी

त्या रस्त्यावर म्हाताऱ्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते त्याला आवडे. गाडीत गाण्याची यंत्रं बसवून द्यायचं त्याचं दुकान होतं. स्पीकर काय, कुणीही बसवतो. दोन वायरी, चार स्क्रू. खरं काम त्याच्यापुढचं. घुमणारा आवाज आवळायचा, चिरका आवाज मऊ करायचा, गाणारा माणूस समोरच्या काचेपाशी उभा राहून गातोय असं वाटायला लावायचं. हे काम म्हातारा दुसऱ्या कुणाला करू देत नसे. स्टिअरिंगमागे बसायचा, दारं लावून घ्यायचा आणि यंत्राला जोडलेली डबी मांडीवर घेऊन तिच्यावरल्या बारीक पट्ट्या वर-खाली सरकवायचा. मधेच एक बोट उचलायचा. ते बोट उचललं की बाहेर उभं राहिलेलं गिऱ्हाईकसुद्धा श्वास रोखून धरायचं.

आता झाकली मूठ उघडून सांगायचं, तर म्हाताऱ्याला बारीक आवाज ऐकू येईनासे होऊन बरीच वर्षं झाली होती. बंद गाडीत बसून दणदणाट सोसण्यात ज्याचा जन्म गेला, त्याचे कान किती दिवस पुरणार? हे ठाऊक होतं ते त्याच्या एकुलत्या एका मुलीला. बाप आवाज लावायला बसला की ती शेजारच्या सीटवर पिवळं फडकं घेऊन डॅशबोर्ड पुसायची. फडकं वर गेलं की पट्टी वर, खाली आलं की खाली. फडक्याची घडी घालून मांडीवर ठेवली, म्हणजे जमलं. मग म्हातारा दार उघडून बाहेर यायचा आणि म्हणायचा, "बसा आता. ऐका."

ही खूण दोघांनी कधी बसून ठरवली नव्हती. आपोआप पडली होती आणि तिच्याबद्दल दोघं एकमेकांशीही बोलत नसत.

मुलीची इच्छा एवढीच होती, की एकदा तरी आपण स्टिअरिंगमागे बसावं आणि हा आवाज हिनं लावला असं चार माणसांनी म्हणावं. तिनं एकदोनदा विषय काढून पाहिला. बाप हसला. "अगं, पुसतेस ते बरं पुसतेस की."

लग्न झालं आणि नवरा दुकानात आला. तो कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. कानामागून आला आणि तिखट झाला. लॅपटॉप, करंगळीएवढा माइक, आणि आवाजाची रेघ काढून दाखवणारा प्रोग्रॅम. सगळ्या सुरांची मिसळ असलेला सरसर आवाज गाडीत सोडायचा, माइकनं तो ऐकायचा, आणि कुठले सूर जास्त, कुठले कमी ते पडद्यावर डोंगरदऱ्यांसारखं दिसायचं. डोंगर कापायचे, दऱ्या भरायच्या, की झालं.

"मामा, यात चूक होत नाही," तो सासऱ्याला म्हणायचा.

"जावईबापू, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मी आहे तोवर या दुकानात ही तुझी पेटी आवाज लावणार नाही."

नवऱ्याला हे लागायचं. गिऱ्हाइकांपुढे म्हातारा त्याला 'आमचे रेघोटेबापू' म्हणायचा, ते जास्त लागायचं.

एका सकाळी दातांचा डॉक्टर नवी गाडी घेऊन आला. "यात बाई गायला लागली की मला माझ्याच ड्रिलची आठवण येते हो," तो म्हणाला. "पेशंट पिच्छा सोडत नाहीत ते नाहीतच, आता गाणंही सोडेना."

म्हातारा खूश होऊन हसला. मुलगी तोवर गाडीत डोकावून आली होती. ती म्हणाली, "डावीकडचा छोटा स्पीकर जरा जास्तच—"

"तिचं काय ऐकता डॉक्टर," म्हातारा म्हणाला. "बायकांचे कान डूल घालायला."

डॉक्टर हसला. नवराही हसला. मुलीनं फडकं झटकलं.

"मामा," नवरा अगदी गोड आवाजात म्हणाला, "आज तुम्हीच लावा. मी फक्त आधीची आणि नंतरची रेघ घेतो. डॉक्टरांना तुमची करामत डोळ्यांनी दिसेल."

म्हातारा फुगला. "घे बाबा घे. तुझ्या पेटीलाही कळू दे."

नवऱ्यानं माइक ड्रायव्हरचं डोकं येतं तिथे टांगला, सरसर आवाज सोडला, रेघ काढली, माइक काढून घेतला. लॅपटॉप बॉनेटवर ठेवून त्यानं दोनचार बटणं दाबली आणि हाताची घडी घालून उभा राहिला. बापलेक आत बसले. दारं लागली. गाणं सुरू झालं.

म्हाताऱ्यानं पहिली पट्टी खाली ओढली. मुलीनं कान दिला आणि तिचा हात थांबला. आवाज होता तसाच होता. म्हाताऱ्यानं पट्टी आणखी खाली नेली. बाईचा गळा तसाच दातांत घुसत होता. तिनं काचेतून बाहेर पाहिलं. नवरा तिच्याकडेच बघत होता. तिला उमगलं. त्यानं लॅपटॉपवरून डबीचा यंत्राशी संबंधच तोडून ठेवला होता. पट्ट्या सरकत होत्या, पण त्यांना धरून काहीच सरकत नव्हतं.

बाप डोळ्यांच्या कोपऱ्यातून फडक्याकडे बघत होता. तिनं नुसतं "बाबा, थांबा" म्हटलं असतं तरी पुरे होतं. तिचं तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात म्हातारा गाण्यावरून ओरडला, "पूस की! हात का आखडला?"

तिनं पुसायला सुरुवात केली. खाली. आणखी खाली. मग थोडं वर. बाप तिच्यामागे आंधळ्यासारखा येत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता, मधेच त्यानं ते बोटही उचललं. तिनं त्याची पुरती वरात फिरवून आणली आणि मग फडक्याची नीट घडी घालून मांडीवर ठेवली.

म्हातारा उतरला. "बसा आता डॉक्टर. ऐका."

डॉक्टर बसला. ऐकलं. "वा! काय हो, जादू आहे तुमच्या हातात. ड्रिल कुठल्या कुठे गेलं."

"जादूच आहे," नवरा म्हणाला. पुन्हा माइक टांगला, पुन्हा सरसर आवाज सोडला आणि लॅपटॉप डॉक्टरकडे फिरवला. "ही आधीची रेघ. ही नंतरची. दोन दिसतात का बघा."

एकच दिसत होती. रेघेवर रेघ तंतोतंत बसली होती.

"डबी बंदच होती मामा. तुम्ही एवढा वेळ खेळणं सरकवत होतात."

म्हाताऱ्यानं आधी डबीकडे पाहिलं, मग मुलीकडे. डॉक्टरचं तोंड लाल झालं होतं. आपणही 'वा' म्हणून बसलो हे त्याला झोंबलं, आणि झोंबलेला माणूस फोडायला जवळचं डोकं शोधतो. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही लोकांना असंच बनवत आलात की काय? अहो, बहिरे आहात तर घरी बसा ना."

 म्हातारा बाहेर जाऊन दुकानाच्या पायरीवर बसला.

नवऱ्यानं डबी जोडली. डोंगर कापले, दऱ्या भरल्या. रेघ सपाट झाली. डॉक्टर आता बाहेर उभा होता; मुलगी स्टिअरिंगमागे जाऊन बसली. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. तिनं गाणं लावलं आणि डोळे मिटून ऐकलं.

"डावीकडून अजून चिरकतंय," ती म्हणाली. "थोडं उतरवा."

नवऱ्यानं पडद्याकडे पाहिलं. "रेघ सपाट आहे."

"अहो, पण मला ऐकू येतंय."

"तुझ्या बाबांनाही येत होतं."

डॉक्टर खो खो हसला. मुलीचे कान तापले. "बाबा नव्हते लावत," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी लावत होते. या फडक्यानं सांगत होते त्यांना. सगळ्या गाड्या माझ्या आहेत."

 नवऱ्याला ते आवडल्यासारखं झालं. "असं? म्हणजे मघाशी जमलं म्हणून सांगितलंस ते तूच?"

 मुद्दाम सांगितलं म्हणावं, तर बापाचा गळा तिनं कापला. खरंच वाटलं म्हणावं, तर कान गेले.

"उतर," नवरा म्हणाला. "डॉक्टरांना बसू दे."

ती पायरीवर आली. बाप रस्त्याकडे बघत होता.

"पट्टी चालत नव्हती," तो म्हणाला, "कळलं होतं तुला?"

"पहिल्याच पट्टीला," ती म्हणाली.

त्यानं मान डोलावली. कसलेला माणूस दुसऱ्या कसलेल्या माणसाला दाद देतो तशी, हळू.

"कान आहे तुला," तो म्हणाला. "माझ्याहून चांगला. पहिल्यापासून होता."

तिनं त्याचा हात धरला. "बाबा, हे आत येऊन सांगा ना. त्यांच्यासमोर. एकदाच."

म्हाताऱ्यानं हात सोडवून घेतला.

"मी सांगू?" तो म्हणाला. "माझं आता कोण ऐकतंय?"